गच्चीवरची वाकळ

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं साफसूफ केलं आहे.)



कमिटीनं मला विषय दिला होता, 'सोसायटीची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल'. मी अकरा वर्षं खजिनदार होतो आणि त्याआधी बँकेत चौतीस वर्षं काढली, म्हणून दिला असावा. पण सगळे आकडे अहवालात छापलेले आहेत. ते मी पुन्हा वाचून दाखवले तर तुम्ही जेवणाकडं बघत बसाल. म्हणून मी आज वाकळीवर बोलणार आहे. पुण्या-मुंबईकडं गोधडी म्हणतात, आमच्या घरी वाकळच म्हणायचे.

जिन्याशेजारी एक पाटी आहे. 'गच्चीवर कोणीही खाजगी सामान पसरू नये. हुकुमावरून.' ती पाटी माझीच. गेल्या हिवाळ्यात तो नियम पहिल्यांदा मोडला तोही मीच, आणि चांगले अडीच महिने मोडला. त्याचा खुलासा द्यायचा राहून गेला होता, तो आज देतो.

आमचं मूळ गाव सास्तूरकडचं. तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा. 1993 साली मी नोकरीनिमित्त बाहेर होतो. गावात आई, वडील, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. त्या उन्हाळ्यात आईनं आणि भावजयीनं मिळून एक वाकळ घातली होती. वरून भावजयीचं इरकली लुगडं, खालून आईचं, मध्ये वडिलांची फाटकी धोतरं आणि जुने सदरे. अंगणात पसरून दोघी समोरासमोर बसायच्या. आई तिच्या कडेनं ओळी घालत आत यायची, भावजय तिच्या कडेनं. मधे कुठंतरी दोघींची गाठ पडायची आणि वाकळ संपायची. रोहिण्या-मृग आला, पेरणी सुरू झाली आणि काम अर्धवट राहिलं. घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं, त्याच्या आत ही पुरी करू म्हणून भाद्रपदात ती पुन्हा बाहेर काढली होती.

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून भाऊ मारुतीच्या पारावरच झोपला. आई-वडील पोराला घेऊन राखणीला शेतात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडं टाके घालता येतील म्हणून आईनं वाकळीचं गठुडं सोबत नेलं. घरी कुणीतरी पाहिजे म्हणून भावजय मागं राहिली. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला काय झालं ते इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही सांगायला नको. लहानांसाठी एवढंच सांगतो की आपल्याकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. ती घरं उन्हाळ्यात गार असायची. त्या रात्री तीच अंगावर आली. भावजय गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा भावाला ओळखलं नाही, इतका तो धुळीनं पांढरा झाला होता.

पुढं पत्र्याचं शेड आलं, मग पुनर्वसनातलं नवं गाव आलं. वाकळ आईनं ट्रंकेत घातली ती घातलीच. एकदा आमच्या सौ.नी म्हटलं, "आत्याबाई, आणा, मी भरते." आई म्हणाली, "राहू दे गं. माझी बाजू मी भरीन, तिची कोण भरंल?" त्यानंतर आमच्या घरात कुणी विषय काढला नाही. 2006 साली आई गेली आणि ट्रंक इथं, माझ्या माळ्यावर आली. बँकेत ज्या खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार नाही त्याला निष्क्रिय खातं म्हणतात. अशा खातेदारांना मी नोकरीत पत्रं पाठवत आलो. घरातल्या खात्याला पत्र पाठवायची हिंमत झाली नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उतरवली. वाकळ उलगडायची तर घरात जागा कुठाय? आपल्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय आणि टीव्ही ठेवला की माणूस आडवा चालतो. फ्लॅटमध्ये गोधड्या अर्ध्या राहतात त्याचं निम्मं कारण हेच आहे असं माझं मत आहे. आळसाला आपण उगीच दोष देतो. मग आम्ही दोघं ती गच्चीवर घेऊन गेलो, माझ्याच पाटीसमोरून.

सवयीनं मी ओळी मोजल्या. आईच्या बाजूनं एक्केचाळीस, भावजयीच्या बाजूनं तेहतीस आणि मधे दीड वीत कोरी पट्टी. भावजयीच्या शेवटच्या ओळीत सुई तशीच टोचलेली होती, दोऱ्यासकट. गंजून कापडाला चिकटली होती. ओढली तर कापड घेऊनच आली. तो तांबडा डाग आम्ही राहू दिला आहे.

पुतण्या आता लातूरला शिक्षक आहे. त्याला फोन केला तर तो स्पष्ट म्हणाला, "मोठे काका, नका पुरी करू. टाके घातले की आईचं कुठलं ते कळणार नाही. माझ्याजवळ तिचं दुसरं काहीच नाही." मी पडलो बँकेचा माणूस, अर्धवट कागद मला बघवत नाही. मी जरा वाद घातला. आता वाटतं, घालायला नको होता. आठ दिवस आम्ही दोघं बोललो नाही.

दरम्यान वाकळ गच्चीवर ऊन खात होती. हिला कसर लागली नव्हती पण घडीच्या रेघांवर लुगडं विरलं होतं. बी विंगमधल्या सोलापूरच्या काकू वाळवण बघायला वर आल्या आणि तिथंच मांडी घालून बसल्या. त्यांचा हात या कामात मुरलेला. विरलेल्या जागी आतून जुन्या मलमलीचा तुकडा द्यायचा, दोरा सुतीच घ्यायचा आणि त्याला मेण लावायचं हे त्यांनी सांगितलं. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो पण जुन्या सुती कापडाला तो करवतीसारखा कापतो. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

तर त्या काकू वाकळ उलटीपालटी करून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "भाऊ, या दोघी समोरासमोर बसत होत्या ना? मग सगळ्या गाठी एकाच टोकाला कशा?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. उजव्या हाताची बाई धावदोरा घालताना उजवीकडून सुरू करते आणि डावीकडं जाते. म्हणजे दोऱ्याची पहिली गाठ तिच्या उजव्या टोकाला पडते. समोर बसलेली बाईही उजव्या हाताची असेल तर तिच्या गाठी वाकळीच्या दुसऱ्या टोकाला पडायला हव्यात. इथं एक्केचाळीस आणि तेहतीस, सगळ्या गाठी एकाच टोकाला. काकू म्हणाल्या, "तुमची भावजय डावखुरी होती."

मला माहीत नव्हतं. सात वर्षं ती आमच्या घरात होती. मी थोरला दीर, ती डोक्यावर पदर घेऊन आत-बाहेर करायची. आमचं बोलणं 'जेवायला वाढू का' आणि 'वाढ' यापलीकडं गेलं नाही. वाढायची ती उजव्याच हातानं, कारण तसंच वाढायचं असतं.

रात्री भावाला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय की अण्णा. डावरीच होती ती. विळाबी डाव्याच हातानं धरायची. आई सुरुवातीला लई रागवायची, मग सोडून दिलं." आणि मग तो बोलतच राहिला. ती ज्वारीची काढणी कशी करायची, पोराला कुठल्या नावानं हाक मारायची, असं काहीबाही, तास-सव्वा तास. तीस वर्षांत त्यानं तिचं नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं पुतण्याला सांगितलं. वाकळीचा विषय मी काढला नाही. रविवारी तो स्वतःच आला, बायको-मुलीला घेऊन. गच्चीवर बसून एकेका गाठीवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "दोरा वेगळ्या रंगाचा घेणार असाल तर चालेल." त्या दोघींचा दोरा पांढरा होता. मधल्या पट्टीसाठी आम्ही तांबडा आणला.

मग अडीच महिने दुपारी तीन ते पाच आमची गच्ची भरत होती. सौ., सोलापूरच्या काकू, ए विंगच्या दोघी, आणि मीही. माझ्या दोन ओळी त्यात आहेत, कुणालाही ओळखू येतील. सौ. म्हणाल्या, "अहो, तुमची सही एवढी सरळ येते, टाका का येत नाही?" भावजयीच्या तेहतिसाव्या ओळीला लागून जी तांबडी ओळ आहे ती पुतण्यानं घातली. चार रविवार लागले त्याला. तो उजव्या हाताचा आहे, पण गाठ त्यानं आईच्या टोकाला घातली आणि तिथून उलट्या दिशेनं शिवत गेला. त्यानं वेळ जास्त लागतो. आम्ही कुणी काही बोललो नाही.

सूनबाईनं फोनवर सांगितलं की अमेरिकेत गोधडीवाल्या बायका अशा कामांना 'यूएफओ' म्हणतात, म्हणजे अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, आणि ती पुरी करायला एकत्र जमतात. म्हणजे माळे तिकडंही असावेत. आमचं बघून आपल्या सोसायटीतूनही सहा अर्धवट गोधड्या निघाल्या. एक दुपटं तर अशा बाळासाठी घातलेलं होतं की ते बाळ आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आत्ता साऊंडची वायर धरून उभं आहे. सगळ्याच पुऱ्या करायच्या नसतात हेही सांगतो. एकीचं कापड हातात भुगा होत होतं. त्या वहिनींनी शांतपणे तिची फडकी केली. मला ते पटलं. दुसरी एक ज्यांनी आणली त्यांनीच परत नेली. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आमची वाकळ आता लातूरला आहे. पुतण्याची मुलगी ती घरभर ओढत फिरते. धुवायची की नाही यावर त्यांच्याकडं अजून एकमत नाही.

जाता जाता कमिटीला विनंती. त्या पाटीखाली 'गोधडी सोडून' एवढे दोन शब्द रंगवून घ्यावेत, पेंटरचा खर्च मी देतो. येत्या रविवारी दुपारी तीन वाजता सी विंगच्या आजींची चौघडी पसरायची आहे. येणाऱ्यांनी सुई आपली आणावी. मेण आमच्याकडं आहे.