‘माझा’ म्हणण्याची शिस्त
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भगिनी-सभेत केलेले भाषण)



विद्यार्थिनींच्या गुणगौरवप्रसंगी चार शब्द बोलण्याची आपण आज्ञा केलीत, ती मला शिरसावंद्य आहे. विषय मात्र किंचित निराळा घेतला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुली व्हॉलीबॉल खेळताना एकमेकींशी कशा बोलतात व आनंद कसा व्यक्त करतात, हे मी सांगणार आहे.

हा खेळ मूळचा तिकडचाच. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधील होल्योक येथे विल्यम मॉर्गन यांनी तो सुरू केला. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतील स्त्रीपुरुष-भेदास बंदी घालणारा कायदा झाला व मुलींच्या खेळांना तेथे खरे बळ आले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा खेळ पाहावयास लिंकन येथे ९२,००३ प्रेक्षक जमले होते.

कन्येकडे गेले असता असाच एक सामना मी पाहिला. खरे सांगावयाचे तर, प्रथम मला तो गलबला रुचला नाही. प्रत्येक गुणानंतर सहाही मुली मध्यभागी धावत येत, हातावर हात मारीत, ओरडत. एवढ्याशा यशाचा एवढा गाजावाजा कशाला, असे मनात आले. परंतु थोड्याच वेळात ध्यानात आले की, गुण गमावल्यावरही त्या तशाच एकत्र येत होत्या. आणि जिच्या हातून चूक झाली, तिच्याच पाठीवर सर्वांचे हात पडत होते. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच गुण मिळत असे. २००१ पासून तेथील महाविद्यालयीन सामन्यांत प्रत्येक खेळीला गुण आहे. डाव पंचवीस गुणांचा. झाल्या चुकीचा शोक करावयास सवड कोठली?

तीच गोष्ट बोलण्याची. नऊ मीटर लांब व तितक्याच रुंद जागेत सहा जणी; चेंडू धरावयाचा नाही आणि तीन स्पर्शांत परतवावयाचा. दोघींच्या मधोमध येणारा चेंडू जी घेणार, तिने ‘माझा’ असे मोठ्याने म्हणावयाचे. तो रेषेबाहेर जाणार असेल, तर पाहणारीने ‘बाहेर’ म्हणावयाचे. फटका मारणारीची दृष्टी चेंडूवर असते. पलीकडे मोकळी जागा कोठे आहे, ते मागच्या मुली तिला ओरडून सांगतात.

या उल्हासालाही मर्यादा आहे. आनंद आपल्या सख्यांकडे तोंड करून साजरा करावयाचा. जाळ्यापलीकडच्या मुलींना हिणवले, तर पंच पिवळे पत्र दाखवून ताकीद देतात. लाल पत्र दाखविल्यास प्रतिपक्षाला गुण मिळतो.

डिसेंबर २०२४ मधील राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पेन स्टेटच्या मुली नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन डाव हरल्या होत्या. चौथ्या डावात त्या १६-२२ अशा मागे होत्या. तरी तो डाव व पुढे सामनाही त्यांनी जिंकला आणि अखेर अजिंक्यपद मिळविले. त्यांच्या मार्गदर्शिका केटी शूमाकर-कॉली त्या हंगामात कर्करोगावर उपचार घेत होत्या. तेथील अव्वल विभागाचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मुख्य मार्गदर्शक होत. केवळ आरोळ्यांनी सामने जिंकले जात नाहीत, हे खरे. पण मागे पडलेल्या संघाने एकमेकींशी बोलणे सोडले, तर तो सावरणार तरी कसा?

भगिनींनो, चाळीस वर्षांपूर्वी मीही महाविद्यालयाच्या संघात होते. अंतिम सामन्यातील अखेरचा चेंडू माझ्या व माझ्या मैत्रिणीच्या मधोमध पडला. दोघींनाही तो सहज घेता आला असता. परंतु ‘आधी तू’ हा आमचा घरचा संस्कार. दोघीही संकोचाने मुक्या राहिलो आणि सामना गेला. परतताना आम्ही दोघी एका बाकावर बसूनही एकमेकींशी बोललो नाही. पराभवापेक्षा ते मौनच मला अधिक काळ सलत राहिले.

‘माझे’ म्हणणे हा स्वार्थ, असे आपण मुलींना शिकवितो. मैदानावर मात्र ‘माझा’ याचा अर्थ ‘हा भार मी घेते’ असा आहे. तेव्हा मुलगी मैदानात मोठ्याने ओरडली म्हणून तिला दटावू नका. आणि ती हरून घरी आली, तर प्रथम तिच्या पाठीवर हात ठेवा, एवढीच माझी मातापितरांना प्रार्थना आहे.