घाट उतरताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेले भाषण)



समितीनं बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डिप्लोमा झालेला माणूस. वॅगनखाली वाकून टॉर्च मारायची आणि ब्रेक तपासायचे, हे माझं काम. पण अध्यक्ष म्हणाले, "लोणावळा-खंडाळ्याला जाऊन आलात ना, तेच सांगा." म्हणून उभा आहे. प्रवासवर्णन थोडं करीन, पण खरं सांगायचं आहे ते शेवटी.

आपण रायपूरकर मराठी माणसं सुट्टीत महाराष्ट्रात जातो. मुंबईची गाडी इगतपुरीवरून कसारा घाट उतरते. पुण्याची आझाद हिंद दौंडकडून येते आणि पुण्यातच संपते. त्यामुळे बोरघाट आपल्या वाटेत येतच नाही. माझे बाबा मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म ब्रेकव्हॅनमध्ये काढला, पण बोरघाट त्यांनी पाहिला नव्हता. 2022 च्या दिवाळीत ताईकडे पुण्याला गेलो तेव्हा ते म्हणाले, "एकदा खंडाळा दाखव रे." भाऊजींनी गाडीची किल्ली हातात ठेवली. मी, सौ., दोन मुलं आणि बाबा असे निघालो.

लोणावळा-खंडाळा ही नावं आपण जोडीनंच घेतो. नगरपरिषदही दोघांची एकच आहे. पण गाडीनं फिरलं की फरक कळतो. लोणावळा वरच्या सपाटीवर पसरलेलं आहे. बाजार, चिक्कीची दुकानं, बंगले, गर्दी. भुशी धरणावर पावसाळ्यात पर्यटकांची जत्रा भरते. ते धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. तिथून थोडं पुढे गेलं की खंडाळा. ते अगदी कड्याच्या काठावर. राजमाची पॉइंटवर उभं राहिलं की पायाखाली एकदम दरी उघडते आणि डोंगराच्या कुशीतून बोगद्यात शिरणारी गाडी खेळण्यातली वाटते. मुलं ओरडायला लागली. बाबा मात्र गप्प उभे होते.

मग त्यांनीच मुलांना सांगायला सुरुवात केली. हा रेल्वेमार्ग 1863 साली सुरू झाला. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर जायचं. हजारो मजुरांनी डोंगर फोडला, आणि कितीतरी जण पटकीनं आणि अपघातानं गेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या ठेकेदारानं 1859 मध्ये काम घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका सोडला नाही, जाणकार इंजिनिअर हाताशी धरून काम पुरं करून घेतलं. पूर्वी घाटात गाडीची दिशा उलटवावी लागायची, ते 1929 मध्ये नव्या मार्गानं बंद झालं. आजही कर्जतहून गाड्या चढताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात.

धाकट्यानं विचारलं, "आजोबा, चढायला जास्त इंजिनं लागतात, मग उतरायला सोपं ना?"

बाबा हसले. म्हणाले, "चढताना इंजिन दमलं तर गाडी उभी राहते. उतरताना ब्रेक दमला तर गाडी उभी राहत नाही."

मग त्यांनी कॅच सायडिंग समजावली. सहकाऱ्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. घाट उतरणाऱ्या गाडीच्या वाटेत ठराविक ठिकाणी एक आडवा फाटा असतो, तो उलट डोंगरावर चढत जातो. रुळांचा सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरनं गाडी पूर्ण थांबवून दाखवली तरच सांधा फिरवून खालची वाट मोकळी करतात. थांबता आलं नाही तर गाडी फाट्यावर चढून आपोआप थंडावते. म्हणजे आधी थांबून दाखवा, मग उतरा.

हे सगळं ऐकून मी मान डोलावली आणि गाडीत बसलो. मुलांना खोपोलीचं टाटांचं वीजघर बाहेरून दाखवायचं होतं. लोणावळा, वळवण, शिरवटा या वरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली सोडून 1915 पासून तिथे वीज तयार होते. म्हणून जुन्या रस्त्यानं खोपोलीकडे निघालो. अमृतांजन पूल 2020 मध्येच पाडला होता. तो पाहायचा राहून गेला याची हळहळ करत मी उताराला लागलो, आणि पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल केली.

होय, मीच. गाड्यांच्या ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर रोज सही करणारा.

वळण आलं की ब्रेक, वळण आलं की ब्रेक. पाच-सात वळणांनंतर करपल्याचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग पेडल दाबलं तर ते मऊ लागलं, पुन्हा दाबलं तर आणखी खाली गेलं. पुढे ट्रक, डावीकडे कठडा, मागे माझी मुलं गाण्याच्या भेंड्या खेळत होती. तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबांचा आवाज आला. ओरडले नाहीत. ड्युटीवर बोलावं तसं म्हणाले, "न्यूट्रलमधून काढ. तिसरा टाक. आता दुसरा. हँडब्रेक हळूहळू ओढ." इंजिन घोंघावलं, गाडीला कोणीतरी मागून धरल्यासारखं झालं. रस्ता जरा रुंद झाला तिथे मी गाडी कडेला घेतली. समोर शिंग्रोबाचं देऊळ होतं.

इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. चाकं इतकी तापली होती की जवळ हात नेववेना. पाऊण तास थांबलो. सौ. एक शब्द बोलली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

थांबल्या-थांबल्या मनात हिशोब केला. माणसांसह गाडी सुमारे 1,400 किलो, उतार सुमारे 500 मीटर. एवढी शक्ती सगळी उष्णतेत गेली तर 20 लिटर पाणी उकळेल. टाटा त्याच उतारावर वीज करतात, मी चार चाकांत ती जाळत होतो. ब्रेकचं तेल उकळलं की त्यात वाफ धरते, आणि पेडल नुसतं वाफ दाबतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण साठ-सत्तर रुपयांच्या पेट्रोलपुढे ते आठवलं नाही.

बाबा आता नाहीत. गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तपासणाऱ्यालाही तपासायला लागतं."

मंडळी, आपल्याला घाट दूर नाही. जगदलपूरहून परत येताना केशकाल घाटाची बारा वळणं आपण सगळेच उतरतो. तिथेही तेलीन मातेचं देऊळ आहे आणि ड्रायव्हर तिथे थांबतात. श्रद्धा असो वा नसो, तिथे थांबाच. तेवढ्यात ब्रेक थंड होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करू नका, इंजिन तर कधीच बंद करू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर कसा लावायचा ते घरीच शिकून घ्या. वास आला तर तो दुसऱ्याच्या गाडीचा समजू नका. आणि मागे बसलेलं म्हातारं माणूस काही म्हणालं, तर आधी ऐका.

विसर्जनानंतर सुट्ट्यांचे बेत सुरू होतील. सगळे सुखरूप जा, सुखरूप परत या. पुढच्या वर्षी याच मांडवात भेटू.

गणपती बाप्पा मोरया!