मॅगझिनपासून भोकापर्यंत

दगडखाणींचे मालक, सुरुंग उडवणारे शॉटफायरर, महसूल व खाण सुरक्षा खात्यांतले अधिकारी आणि खाणींलगतच्या गावांतून आलेले ग्रामस्थ यांची ही परिषद नागपुरात भरते आहे. स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय याच शहरात आहे.

कायद्यांची वाण नाही. १८८४चा स्फोटके अधिनियम आहे, त्याखालचे २००८चे नियम आहेत, २०२५पर्यंत १९५२चा खाण अधिनियमही होता. दीपक कुमार प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणलं. पण स्फोटकं पेसो पाहते, कामगारांची सुरक्षा धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय पाहतं, खाणपट्टा आणि रॉयल्टी जिल्हाधिकारी पाहतात. जिलेटिनची पेटी मॅगझिनमधून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारातून, निघते ती खडकातल्या भोकात जाईपर्यंत तिच्यावर सलग नजर कोणाची?

पेटलावदमध्ये ती कोणाचीच नव्हती. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या या गावात १२ सप्टेंबर २०१५च्या सकाळी भरवस्तीत साठवलेल्या जिलेटिनचा स्फोट झाला. शेजारचं उपाहारगृह कोसळलं, पाऊणशेहून अधिक माणसं दगावली. पुढे २१ जानेवारी २०२१च्या रात्री शिवमोग्याजवळ हुणसोडूला खाणीसाठी आणलेली स्फोटकं उडाली आणि जेमतेम महिन्याने चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात पुन्हा तेच घडलं.

खाणीवरचा जाणता शॉटफायरर भोक भरताना तोटा लाकडी काठीनेच ठासतो, लोखंडी पहारेला हात लावत नाही. बार उडवण्याआधी भोंगा वाजतो, वाटा अडवल्या जातात. एखादा बार फुटला नाही, तर ते भोक उकरायचं नसतं. घाईच्या, ठेकेदारीच्या कामात हीच शिस्त आधी सुटते.

ग्रामस्थांची तक्रार भिंतींच्या तड्यांची असते, आणि ती खरी की खोटी हे मोजता येतं. सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांपाशी आठ हर्ट्‌झहून कमी वारंवारतेचं कंपन सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवं. मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

स्वागत समितीची या परिषदेला एकच विनंती आहे. किती तोटे आणि डिटोनेटर आले, किती वापरले, किती परत गेले, याचा रोजचा ताळा तिन्ही कार्यालयांनी एकाच नोंदीत घालावा, हा ठराव उद्याच्या समारोपात मंजूर करून शासनाकडे पाठवावा.