जाणत्याला विचारण्यात कमीपणा नाही
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या मुलांपैकी कुणी चित्रे काढतो, कुणी कविता लिहितो, कुणाच्या हाताला सुंदर अक्षराची देणगी असते. परंतु पुष्कळ घरांत या वाटेने आधी गेलेले कुणी नसते. आईवडिलांना मुलाचे कौतुक असते, पण चुकले कोठे हे ते सांगू शकत नाहीत. मग मूल एक तर वही लपवून ठेवते, नाही तर कौतुकावरच समाधान मानते. दोन्हींत नुकसान आहे. यावर उपाय एकच, त्याच कलेत काम करणाऱ्या जाणत्या माणसाला विचारणे.

सल्लामसलत आपल्याला परकी नाही. कुरआन शरीफच्या ४२ व्या सूरेचे नावच 'अश्-शूरा', म्हणजे विचारविनिमय, असे आहे. मदीनेच्या रक्षणासाठी हजरत सलमान फारसी यांच्या सल्ल्यावरून खंदक खणला गेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

उर्दू शायरीत तर याची रीतच पडली होती. नवा शायर आपली गझल उस्तादाला दाखवी. उस्ताद एखादा शब्द बदली, एखादा शेर काढून टाकी. याला 'इस्लाह' म्हणत. मिर्झा गालिब टपालाने आलेल्या शागिर्दांच्या गझला दुरुस्त करून परत पाठवीत. पुढे दाग देहलवी यांच्याकडे सियालकोटचा एक तरुण टपालाने गझला पाठवू लागला. काही काळाने दाग यांनीच कळविले की, आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. तो तरुण म्हणजे अल्लामा इक्बाल. जवळ उस्ताद नाही ही सबब तेव्हाही चालली नाही.

दुसरे उदाहरण चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे. १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात जन्म, वडील जंगल खात्यात नोकरीला. नागपूरला कलाशिक्षण घेऊन ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आले. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. नाव होऊ लागले होते. १९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि स्पष्ट सांगितले की, गुण आहेत, पण चित्रांना बांधणी नाही. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. रझा यांनी राग मानला नाही. ते फ्रेंच शिकले, १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि तेथे पुन्हा विद्यार्थी झाले. १९५६ साली फ्रान्समधील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला, २०१३ मध्ये पद्मविभूषण. पुढे ज्या 'बिंदू'मुळे ते ओळखले गेले, तो मात्र ब्रेसाँ यांनी सांगितलेला नव्हता. सल्ला दुसऱ्याचा असतो. काम आपलेच असते.

विद्यार्थी मित्रांनो, विचारण्याचीही एक रीत आहे. 'कसे वाटले?' असे विचाराल तर 'छान' एवढेच उत्तर मिळेल. 'या चित्रातला हात आखूड वाटतो का?', 'ही ओळ वजनात बसते का?' असे नेमके विचारा. एकावर न थांबता दोघातिघांना दाखवा. तिघांनी एकाच जागी बोट ठेवले, तर तेथे दोष आहे असे समजा. ऐकताना सफाई देत बसू नका. सुधारून पुन्हा नेऊन दाखवा, म्हणजे सांगणाऱ्यालाही आपले श्रम वाया गेले नाहीत असे वाटेल. बरोबरीच्या मित्रालाही विचारा. रझा आणि हुसेन एकमेकांचे सोबतीच होते.

पालकांना एक विनंती. 'यात पोट भरेल का?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तो नातेवाइकांना विचारू नका. शाळेचे चित्रकला शिक्षक, छापखान्यातील मांडणी करणारा, जाहिरातीची चित्रे काढणारा, वर्तमानपत्रात लिहिणारा, अशा त्यावरच घर चालविणाऱ्या माणसाला विचारा. कमाई किती, कष्ट किती, शिक्षण कोणते, हे तोच खरे सांगेल. मुलीच्या बाबतीतही हेच करा. न विचारताच तिची वही बंद करू नका.

संस्थेनेही वर्षातून एक दिवस अशा कामकऱ्या कलावंतांना शाळेत बोलवावे, भाषणासाठी नव्हे, तर मुलांच्या वह्या पाहण्यासाठी. खर्च चहापाण्याचा, पण त्या दिवशी एखादे मूल योग्य वाटेला लागले, तर संस्थेचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.