लेकुरवाळीची परसबाग

महाराष्ट्रांत पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाची जुनी वहिवाट आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास मुलगी माहेरीं जाते आणि मूल दोन-तीन महिन्यांचें झालें म्हणजे त्यास घेऊन सासरीं येते. या पांच-सहा महिन्यांत घरची चूल कोणीतरी पेटवितें, देवपूजा कोणीतरी करतें. परंतु परसांतल्या चार वाफ्यांकडे आणि दारांतल्या कुंड्यांकडे पाहावयाचें कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. जेथें बाळंतपण सासरींच होतें, तेथेंही प्रकार फारसा निराळा नसतो. सर्वांची नजर पाळण्याकडे लागलेली असते, आणि झाडांना तोंड नसतें.

मूल प्रथम उंबऱ्यांत आलें, म्हणजे भाकरतुकडा ओंवाळून टाकला जातो. शेजारणीपाजारणी जमतात. नाक कोणाचें, रंग कोणाचा, दूध पुरतें कीं नाहीं, रात्रीं रडतें कीं काय, असे प्रश्न होतात. ते सर्व मुलाविषयीं असतात. आईला तिच्या स्वतःविषयीं विचारणारें माणूस विरळा. ती मागल्या दारीं जाऊन पाहते, तों मोगरा सुकलेला आणि वाफ्यांत हराळी नि लव्हाळा माजलेला. खुरपें हातांत घ्यावें असें तिच्या मनांत येतें, इतक्यांत कोणी वडील माणूस म्हणतें, “पोर एवढें लहान, आतां बाग कसली घेऊन बसलीस?”

हें बोलणें मायेचें असतें. तथापि त्याचा नीट विचार केल्यावांचून त्यापुढें मान तुकविणें बरें नव्हे. लेकुरवाळीनें बागेंत जावें कीं न जावें, हा खरा प्रश्न नाहीं. तिनें केव्हां जावें, किती जावें, आणि तेवढ्या वेळांत मूल कोणीं सांभाळावें, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम देहाचा विचार करावयास पाहिजे. जुन्या बायका बाळंतिणीस सव्वा महिना जपावयास सांगत. कित्येक ठिकाणीं तेवढी मुदत भरल्यावर ती विहिरीवर जाऊन पाण्याची पूजा करी, आणि मगच पुन्हा पाणी भरूं लागे. गर्भाशय आपल्या मूळच्या आकारास येण्यास सुमारें ६ आठवडे लागतात, असें आजचें वैद्यक सांगतें. म्हणजे दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच. त्या चालींतील विटाळाची कल्पना खुशाल सोडून द्यावी, परंतु विसांव्याचा भाग राखून ठेवावा. पोटावर शस्त्रक्रिया होऊन मूल झालें असेल, तर पहिले ६ आठवडे मुलाच्या वजनाहून जड वस्तु उचलूं नये, असें डॉक्टर बजावतात. नवें मूल ३ किलोंच्या आसपास असतें आणि भरलेली १० लिटरची बादली १० किलोंहून अधिक भरते. यावरून बादली कोणीं उचलावी याचा निर्णय आपोआप होतो. ती नवऱ्यानें आणून ठेवावी, आणि तिनें तांब्यानें पाणी घालावें. कुदळीचें कामही त्याच्याचकडे असावें.

देहाइतकाच मनाचाही विचार आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत पुष्कळ स्त्रियांस कारणावांचून रडूं येतें, आणि तें बहुधा आपोआप ओसरतें. परंतु उदासपणा दोन आठवड्यांपुढें टिकला, मुलाकडे पाहावेंसें वाटेना, निजावयास सवड असूनही झोप लागेना, तर तो आजार समजून विनासंकोच डॉक्टरांकडे जावें; बाग हा त्यावरील उपाय नव्हे. बागेचा उपयोग निराळा आहे. दोन-दोन तासांनीं दूध पाजणें, दुपटीं धुणें, मूल निजविणें आणि तें जागें झालें कीं पुन्हा तेंच करणें, यांत दिवस कोठें उगवला नि कोठें मावळला हें कळत नाहीं. इतकें करूनही सायंकाळीं ‘एवढें काम उरकलें’ असें म्हणतां येत नाहीं. वाफ्यांतील हातभर जागा खुरपली, म्हणजे मात्र ती खुरपलेली दिसते, आणि दुसऱ्या दिवशींही तशीच राहते. दिवसभर कोणाची सून आणि कोणाची आई म्हणून वावरणाऱ्या स्त्रीस, त्या हातभर जागेंत स्वतःच्या आवडीचें काम स्वतःच्या मनाप्रमाणें करावयास सांपडतें. घरच्या माणसांनीं ही गोष्ट चैनीच्या सदरांत जमा करूं नये.

आतां आरंभ कोठून करावा? पहिला दिवस पेरणीचा नसावा. त्या दिवशीं रिकाम्या कुंड्या, फुटके डबे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यांत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. डेंग्यूचा फैलाव करणाऱ्या डासाची मादी असल्याच पाण्यांत अंडीं घालते, आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतात. म्हणून हें काम दर आठवड्यास झालेंच पाहिजे. पाळण्यांतल्या जिवाच्या दृष्टीनें सबंध बागेंत याहून महत्त्वाचें काम दुसरें नाहीं.

त्यानंतर गाजरगवताकडे पाहावें. हें परदेशीं तण १९५५-५६ च्या सुमारास पुणें येथें प्रथम नजरेस आलें आणि पुढें देशभर पसरलें. ओसाड पडलेल्या परसांत तें हटकून असतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, आणि परागांनीं दम्याचा त्रास होतो. फुलोरा येण्यापूर्वींच तें मुळासकट उपटावें. पण तें घरांतील दुसऱ्या कोणीं हातमोजे घालून उपटावें. लेकुरवाळीचे हात आणि तिचा पदर लगेच मुलास लागावयाचा असतो, हें विसरूं नये.

मग जुन्या झाडांची नाडी पाहावी. सुकलेलें झाड उपटून टाकण्यापूर्वीं त्याच्या फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. आंत हिरवें दिसलें, तर झाड जिवंत आहे असें समजावें. वाळलेले शेंडे छाटून, आळें करून नेमानें पाणी दिलें, तर मोगरा, जास्वंद, कढीलिंब यांसारखीं झाडें पुष्कळदां कांहीं आठवड्यांत पुन्हा पालवतात. कित्येक महिने कोणीं विचारलें नाहीं, एवढ्यानें तीं मेलींच असें होत नाहीं.

नवें काय लावावें हें ऋतूवर अवलंबून आहे. कार्तिक-मार्गशीर्षांत घरीं परतणारी स्त्री या बाबतींत भाग्यवान. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरांत खुडावयास मिळते. शेपूस थोडा अधिक वेळ लागतो इतकेंच. मौजेची गोष्ट अशी कीं, हीं बाळंतिणीच्याच डब्यांतलीं बीं आहेत. अळिवाचे लाडू आणि मेथीचे लाडू तिनें नुकतेच खाल्लेले असतात, आणि बाळंतशेपा म्हणून जो जेवणानंतर दिला जातो, तो शेपूचाच दाणा होय. त्यांतले न भाजलेले मूठभर दाणे मातींत टाकले, कीं बियाण्यासाठीं कोठें जावें लागत नाहीं. शिवाय ज्या दिवसांत रात्र संपतां संपत नाहीं, त्या दिवसांत तिसऱ्या सकाळीं हिरवा कोंब दिसणें याची गोडी निराळीच असते.

ज्येष्ठ-आषाढांत मात्र मेथीचा हट्ट धरूं नये. ती पावसाच्या झडींत कुजते. त्या वेळीं चवळी, भेंडी, दोडका लावावा. फाल्गुन-चैत्रांत परतल्यास नवी लागवड न केलेलीच बरी. जें आहे तें जगवावें. बुंध्याशीं पालापाचोळ्याचें जाड पांघरूण घालावें, आणि मोठ्या झाडांजवळ कोरें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून, पाण्यानें भरून, वर झांकण ठेवावें. पाणी हळूहळू पाझरून मुळांस मिळतें, आणि मूल आजारी पडल्यास दोन-तीन दिवस झाडांकडे पाहतां आलें नाहीं, तरी भागतें.

शहरांतील सदनिकेंत परस नसतो, सज्जा असतो. तेथें मातीनें भरलेल्या जड कुंड्या ओढण्याच्या भरीस पडूं नये. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारानें पालापाचोळा नि स्वयंपाकघरांतील ओला कचरा कुजवून त्याचीच माती करण्याचा मार्ग लोकांपुढें ठेवला. अशा मातीची कुंडी वजनास हलकी असते, आणि लेकुरवाळीस तीच सोयीची.

मुलाच्या रक्षणाविषयीं दोन-चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. धनुर्वाताचे जंतु मातींत आणि शेणाखतांत असतात. नाळेवर राख अगर शेण लावण्याची चाल जेथें होती, तेथें त्या रोगानें कित्येक तान्हीं मुलें दगावत. गरोदरपणींची लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या योगें हें संकट हटलें, आणि २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात बालक यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य करण्यांत आलें. तरी सावधगिरी सोडूं नये. नाळ गळून जखम भरेपर्यंत ती कोरडी ठेवावी, तिच्यावर कांहींही लावूं नये. आणि बागेंतून आल्यावर साबणानें हात व नखें धुवून, वरचें वस्त्र बदलून मगच मुलास जवळ घ्यावें. मुलास बाहेर न्यावयाचें, तर तें सावलींत ठेवावें. कीटकनाशकाची फवारणी अंगावर दूध असतां करूं नये. आणि मूल आठव्या-नवव्या महिन्यांत रांगूं लागण्यापूर्वींच कण्हेर, एरंड, धोतरा हीं विषारी झाडें परसांतून काढावीं. कारण रांगतें मूल हातीं येईल तें तोंडांत घालतें.

या सर्वांस वेळ किती लागेल? रोज पाव तास. मूल दूध पिऊन निजलें म्हणजे आईनें धुण्याकडे धांवावें, अशी घरोघर रीत पडली आहे. त्या ऐवजीं बापानें, सासूनें अगर नणंदेनें पाळण्याची दोरी हातीं घ्यावी, आणि “जा, जरा झाडांकडे पाहून ये,” असें तिला आपण होऊन म्हणावें. तिला परवानगी मागावी लागूं नये. एखाद्या दिवशीं तिनें खुरप्यास हात न लावतां नुसती मोगऱ्यापाशीं बसून राहिली, तरी तो वेळ फुकट गेला असें कोणीं म्हणूं नये. आणि परत आल्यावर मुलानें काय केलें हें तिला सांगण्यापूर्वीं, मोगऱ्यास कळी धरली कीं नाहीं, एवढें तिला अवश्य विचारावें.