बंदुकीवांचून शिपाई

हत्येचा निषेध करणारी मोशेची आज्ञा ख्रिस्ती घरांतील मूल पाठ करतें, आणि तेंच मूल वयांत आलें कीं राष्ट्र त्याच्या हातीं बंदूक देतें. हा पेंच फार जुना आहे. इ. स. २९५ मध्यें उत्तर आफ्रिकेंत मॅक्सिमिलियन नांवाच्या तरुणानें सैन्यांत जाण्याचें नाकारून शिरच्छेद पत्करिला. पुढें सव्वाशें वर्षांच्या आंत त्याच भूमींतील सेंट ऑगस्टिननें न्याय्य युद्धास संमति दिली. दोन्ही बाजूंना संतच उभे आहेत!

डेस्मंड डॉस या अमेरिकन तरुणाची गोष्ट यासाठीं पाहण्याजोगी आहे. व्हर्जिनियांतील लिंचबर्ग येथें १९१९ सालीं तो जन्मला. पंथानें सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, शनिवार पवित्र मानणारा. जहाजांच्या गोदींत कामास असल्यामुळें त्यास भरतींतून सूट मिळत होती. ती त्यानें घेतली नाहीं. १९४२ सालीं तो शुश्रूषापथकांत दाखल झाला, परंतु शस्त्र हातीं धरीना. तो प्रार्थनेस बसला म्हणजे सोबती त्याच्यावर जोडे फेकीत. अधिकाऱ्यांनीं त्यास वेडा ठरवून घरीं धाडण्याचा घाट घातला.

मे १९४५ च्या आरंभीं ओकिनावा बेटावर माएदाच्या कड्यावर त्याच्या पलटणीनें चढाई केली. दिवस त्याच्या विश्रामाचा, शनिवारचा. पण ख्रिस्तानेंही त्या दिवशीं रोगी बरे केले होते, एवढें समाधान त्यास पुरलें. जपानी माऱ्यापुढें पलटण मागें हटली, जखमी वरच राहिले, आणि डॉस त्यांजपाशीं थांबला. एकेकास कड्यापर्यंत ओढीत आणावें, दोरास बांधावें व खालीं सोडावें, असा क्रम कित्येक तास चालला. किती वांचले? वरिष्ठ म्हणत शंभर, तो म्हणे पन्नासांहून अधिक नसावेत. अखेर सन्मानपत्रांत ७५ हा आंकडा घातला गेला. अंकगणितांत अशी तडजोड चालत नाहीं. येथें ती शोभून दिसते.

२१ मे रोजीं हातबाँबनें त्याचे पाय जायबंदी झाले. पांच तासांनीं डोली आली. वाटेंत अधिक घायाळ मनुष्य दिसतांच त्यानें ती त्यास देवविली. मग गोळीनें त्याचा हात मोडला. तेव्हां बंदुकीचा दस्ता त्या हातास फळीप्रमाणें बांधून तो सरपटत निघाला. बंदुकीचा एवढाच उपयोग त्यानें केला. ऑक्टोबरांत अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यास मेडल ऑफ ऑनर हें पदक दिलें.

तथापि कांटा येथेंच रुततो. डॉसनें वांचविलेला शिपाई पुन्हां बंदूक उचलील, हें उघड होतें. तो स्वतः युद्धविरोधक म्हणवीत नसे. युद्ध त्यास न्याय्य वाटे, फक्त मारण्याचें काम आपलें नव्हे, असें त्याचें मत. उलट १९१६ सालीं ब्रिटनमध्यें सक्तीची भरती आली तेव्हां क्वेकर पंथांतील कांहींनीं जखमी वाहण्याचें काम पत्करिलें, तर कांहींनीं तेंही नाकारून तुरुंग जवळ केला. जखमा बांधून देणें म्हणजे युद्धाचा गाडा चालता ठेवणें, हा त्यांचा तर्क. तर्क निर्दोष आहे. परंतु कड्यावर विव्हळणाऱ्यास त्याचा काय उपयोग? आणि डॉसच्या करुणेनें तरी एखादी तोफ कोठें थांबली?

डॉस २००६ सालीं वारला. रणांगणावर त्याचें लहानसें बायबल हरवलें होतें. तो रुग्णालयांत पडला असतां, त्याच पलटणींतल्या शिपायांनीं तें शोधून काढून त्यास पाठवून दिलें.