आधी बसा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्या प्रमाणपत्रावर 'ख्रिस्ती समुपदेशन' असं छापलंय. आमच्या वेळी याला नुसतं 'पाळकीय भेट' म्हणत आणि ती कशी द्यायची हे कुणी शिकवत नसे. मी नवा पाळक होतो तेव्हाची गोष्ट. एका घरात कर्त्या मुलानं कर्जापायी जीव दिला होता. मी उंबऱ्यातच पवित्र शास्त्र उघडलं आणि वचन वाचू लागलो. म्हातारी म्हणाली, "पाळकसाहेब, आधी बसा तरी." तिनं गोधडी पुढं सरकवली. मी बसलो. चहा आला, निवला, तरी कुणी बोललं नाही. मग ती एवढंच म्हणाली, "आता बैलांना पाणी कोण दाखवणार?" त्यावर मला एकही वचन सुचलं नाही आणि ते बरंच झालं.

ईयोबाच्या मित्रांचं तुम्ही वाचलं आहे. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते उत्तम समुपदेशक होते. तोंड उघडलं आणि सगळा घोटाळा झाला.

पोप ग्रेगरी यांनी इ.स. 590च्या सुमारास पाळकांसाठी ग्रंथ लिहिला. श्रीमंत आणि गरीब, आनंदी आणि दुःखी, सगळ्यांना एकच उपदेश चालत नाही, हे त्यात जोड्या लावून सांगितलंय. अमेरिकेत अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात राहून आले आणि 1925मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी तशाच रुग्णालयात शिकायला नेलं. पुस्तकाइतकाच समोरचा दुखावलेला माणूस वाचा, हा त्यांचा आग्रह. परीक्षेसाठी ही नावं तुम्ही घोकली असतील, म्हणून मी तिथं रेंगाळत नाही.

मला बोलायचंय ते पंडिता रमाबाईंबद्दल. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ 1880मध्ये गेला, नवरा 1882मध्ये. पदरात तान्ही मनोरमा. पुढे 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. भूक काय करते हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यांनी मुलींना आधी जेवू घातलं, मग हाताला काम दिलं: शेत, माग, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. समाजानं टाकलेल्या बायांसाठी कृपासदन काढलं. प्रार्थना होतीच, पण ती उपाशी पोटावर लादलेली नव्हती. आत्म्याची काळजी म्हणजे काय, याचं मराठीतलं सर्वांत भक्कम उत्तर मला केडगावात दिसतं.

आता आपल्या बीडकडे या. इथं ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळे अंग दुखलं तरी खाडा परवडत नाही. 2019मध्ये शासनाच्या समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या 13 हजारांवर बाया निघाल्या. अशी बाई तुमच्याजवळ येईल आणि म्हणेल, "जीव लागत नाही हो कशात." तिला श्रद्धा कमी पडली असं सांगाल, तर तुमची पदवी मी परत मागेन! तिचं दुखणं शरीराचं आहे, उचलीचं आहे आणि मनाचंही. तिन्ही ऐका.

आणि आपली वेस ओळखा. झोप उडालेला, कानात आवाज ऐकू येणारा, मरणाच्या गोष्टी बोलणारा माणूस फक्त प्रार्थनेवर ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात सोबत घेऊन जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये आत्ताच टाका, मी थांबतो. कुणी विश्वासानं सांगितलेलं मंडळीत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून जाहीर करू नका. आपल्याकडे हा रोग फार जुना आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतील. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतील. त्याआधी आपापल्या गावातल्या तीन घरी तरी जाऊन या. शास्त्र पिशवीतच असू द्या, त्यांनी मागितलं की काढा.